गाडी किती वेळा बिघडते आणि किती दिवस उभी राहते

दोन वर्षांपूर्वी आश्विनात, सोयाबीनची मळणी ऐन भरात असताना, आमच्या घरची गाडी ११ दिवस यवतमाळच्या एका वर्कशॉपच्या आवारात उभी होती. इंजिन शाबूत होते, गिअर नीट पडत होते, टायर नवे होते. आगपेटीपेक्षा लहान असा एक सेन्सर तेवढा निकामी झाला होता आणि त्यामुळे गाडी ४० च्या वर वेगच घेत नव्हती. तिथल्या फोरमनने तो काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "काकाजी, काम अर्ध्या घंट्याचं हाये, पण हा पार्ट इथं नाही भेटत. पुण्याहून मागवा लागते." त्या ११ दिवसांत मजुरांना वावरात पोहोचवणे, बारदाना आणणे, आईला दवाखान्यात नेणे ही सारी कामे भाड्याच्या वाहनाने करावी लागली आणि सेन्सरच्या किमतीपेक्षा भाड्याचाच खर्च अधिक झाला.

आता माझा पुतण्या चार मीटरच्या आतली एसयूव्ही घ्यायला निघाला आहे आणि त्याने मला विचारले की यातली सर्वांत भरवशाची गाडी कोणती. त्याला एका नावात उत्तर देता आले नाही, कारण भरवसा म्हणजे नेमके काय मोजायचे हेच आधी ठरवावे लागते. कागदावर आमच्या गाडीचा तो एकच बिघाड होता. घरात मात्र तो ११ दिवसांचा होता.

प्रथम कोणत्या गाड्यांविषयी बोलतो आहोत ते स्पष्ट करतो. लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर आपल्याकडे कर कमी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्या मापांत न बसणाऱ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के. या सवलतीमुळेच चार मीटरच्या आतल्या एसयूव्हींचा हा सारा वर्ग आपल्याकडे वाढला. टाटा नेक्सॉन, ह्युंदाई व्हेन्यू, किया सोनेट, महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ, निसान मॅग्नाइट, रेनो कायगर, मारुती फ्रॉन्क्स आणि स्कोडा कायलॅक या गाड्या त्यात मोडतात. मारुती ब्रेझाही चार मीटरच्या आतलीच आहे, पण तिचे पेट्रोल इंजिन दीड लिटरचे असल्याने ती १८ टक्क्यांत बसत नाही. मोबाइलवर 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' असा शोध घेताना एक सावधगिरी बाळगावी लागते. अमेरिकेत ज्यांना कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात त्या टोयोटा राव-४ किंवा होंडा सीआर-व्ही यांसारख्या साडेचार मीटरहून लांब गाड्या आहेत, त्यामुळे तिकडच्या विश्वासार्हतेच्या याद्यांचा आपल्या निवडीशी काहीही संबंध नसतो.

त्या याद्या तयार कशा होतात हे समजून घेण्यासारखे मात्र आहे. जे. डी. पॉवर ही अमेरिकी संस्था तीन वर्षे गाडी वापरलेल्या मालकांना काय काय बिघडले ते विचारते आणि दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी आल्या तो आकडा देते. आकडा जितका लहान तितकी गाडी चांगली. पद्धत प्रामाणिक आहे, परंतु तिच्यात मोबाइल गाडीच्या स्क्रीनला न जुळणे ही एक तक्रार असते आणि इंजिन रस्त्यात बंद पडणे हीदेखील एकच तक्रार असते. पहिली तक्रार घेऊन माणूस वर्षभर गाडी चालवू शकतो, दुसरी घेऊन तो रात्री बाराला नाल्याच्या पुलावर उभा राहतो.

म्हणून अभियंते बिघाडांची संख्या एकटी पाहत नाहीत. दोन बिघाडांच्या मधला सरासरी काळ आणि एक बिघाड दुरुस्त व्हायला लागणारा सरासरी काळ असे दोन आकडे ते सोबत धरतात, आणि त्यांवरून यंत्र एकूण काळापैकी किती काळ कामाला हजर होते, म्हणजे त्याची उपलब्धता किती, ते काढतात. समजण्यासाठी दोन काल्पनिक गाड्या घेऊ. पहिली दोन वर्षांत चार वेळा बिघडली, पण दर वेळी तालुक्याच्या गॅरेजमध्ये एका दिवसात नीट झाली. दुसरी दोन वर्षांत एकदाच बिघडली आणि पार्टसाठी १५ दिवस थांबली. तक्रारी मोजणाऱ्या सर्वेक्षणात दुसरी गाडी चौपट चांगली ठरेल. ७३० दिवसांपैकी किती दिवस दारात चालू स्थितीत होती हे मोजले तर पहिली ७२६ दिवस आणि दुसरी ७१५ दिवस. नागपूर-पुण्यात, जिथे त्याच कंपनीची चार सर्व्हिस सेंटर आहेत आणि पार्ट दुसऱ्या दिवशी मिळतो, तिथे दुसरीच गाडी योग्य. आमच्या दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात उत्तर उलटे येऊ शकते. गाडी तीच, तिचा भरवसा गावागणिक वेगळा.

बिघाड वयानुसारही सारखे पडत नाहीत. यंत्र नवे असते तेव्हा कारखान्यातल्या चुका बाहेर येतात, म्हणून सुरुवातीला तक्रारी जास्त असतात. मग बरीच वर्षे त्या कमी आणि स्थिर राहतात. आणि शेवटी झीज सुरू झाली की पुन्हा चढतात. कागदावर काढल्यास ही रेघ बैलांच्या गव्हाणीसारखी दिसते, दोन्ही कडा उंच आणि मध्ये सपाट तळ. इंजिनिअर तिला बाथटबचा वक्र म्हणतात. गाडीपुरता याचा अर्थ सरळ आहे. नवे मॉडेल बाजारात येऊन सहा महिनेच झाले असतील तर त्याच्याविषयी कोणीही काहीही सांगो, डाव्या कडेपलीकडचे कोणालाच माहीत नसते. समाजमाध्यमांवरची "महिनाभराचा अनुभव" ही चित्रफीत कितीही मन लावून केलेली असली तरी ती विश्वासार्हतेचा पुरावा ठरत नाही, कारण आपल्याला गाडी आठ-दहा वर्षे ठेवायची असते. नव्या मॉडेलची घाई करू नये, वर्ष-दीड वर्ष जाऊ द्यावे, हे माझे मत मी इथे ठामपणे नोंदवतो. कारखान्यातली चूक किती थोड्या दिवसांच्या उत्पादनात बसलेली असू शकते याचे एक उदाहरण असे: जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या परत बोलावल्या, त्यांत ब्रेझाही होती, आणि त्या साऱ्या ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या जेमतेम पाच आठवड्यांत बनलेल्या होत्या.

अशी परत बोलावणी झाली म्हणजे गाडी वाईट, असे मात्र कोणी समजू नये. दोष कबूल करून फुकट दुरुस्त करून देणारी कंपनी दोष झाकणाऱ्या कंपनीपेक्षा केव्हाही बरी. १ एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे यासाठी कायद्याचे बळही आहे: सात वर्षांहून कमी वयाच्या गाड्यांच्या मालकांच्या तक्रारी ठरावीक प्रमाणाबाहेर गेल्या तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकते आणि १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड करू शकते. जुनी गाडी घेणाऱ्याने चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिचे असे काही काम बाकी आहे का ते जरूर पाहावे; पाच मिनिटांचे काम आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.

आता सर्वांत अवघड भाग, म्हणजे विचारायचे कोणाला. आपल्याकडे गाडी घेताना माणूस भाचजावयाला, शिक्षक मित्राला आणि कृषी केंद्रवाल्या भाऊंना विचारतो, आणि तिघांनीही "मस्त आहे, काही त्रास नाही" म्हटले की टोकन देऊन मोकळा होतो. यात किती धोका आहे ते आकड्यांनी पाहू. समजा एका गाडीत दर दहामागे एकाला मोठा बिघाड येतो. तिघांनाही तो न येण्याची शक्यता ०.९ चा तीनदा गुणाकार, म्हणजे सुमारे ७३ टक्के. दुसरी गाडी दुप्पट वाईट आहे, दर पाचामागे एकाला बिघाड येतो; तरी तिच्या तिघा मालकांना काहीही त्रास न होण्याची शक्यता ५१ टक्के असते. म्हणजे दुप्पट वाईट गाडीचेही तीन मालक निम्म्याहून अधिक वेळा तिची स्तुतीच करणार. हेच ३० मालकांना विचारले तर चांगल्या गाडीतही सर्वच्या सर्व बिनतक्रार निघण्याची शक्यता जेमतेम ४ टक्के उरते, आणि तिथून पुढे दोन गाड्यांमधला फरक डोळ्यांना दिसू लागतो.

तीस मालक कुठून आणायचे? लग्नसराईत ते एकाच शेतात उभे असतात. गेल्या उन्हाळ्यात पुतण्या आणि मी एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा मंडपामागच्या नांगरून ठेवलेल्या वावरात गाड्या लावल्या होत्या. जेवणे आटोपल्यावर त्याने वही घेतली आणि एकेका मालकाजवळ जाऊन गाडी कोणत्या वर्षाची, किती किलोमीटर चालली, कोणते इंजिन, सर्वांत मोठे काम कोणते निघाले आणि त्यासाठी गाडी किती दिवस उभी होती, एवढेच पाच प्रश्न विचारले. लोक आनंदाने सांगतात. "कशी आहे?" असे विचारले की माणूस स्वतःच्या निवडीची बाजू घेतो, "किती दिवस उभी होती?" असे विचारले की तो आठवून खरे सांगतो. त्या दिवशी वहीत १४ गाड्या आल्या, त्यानंतर आठवडी बाजाराच्या दिवशी आणखी काही.

तक्रारींची संख्या पाहताना भाजक विसरू नये. एखाद्या कंपनीच्या गाड्यांविषयी ओरड जास्त ऐकू येते, कारण कधीकधी रस्त्यावर त्याच गाड्या जास्त असतात. केंद्र सरकारच्या 'वाहन' नावाच्या संकेतस्थळावरील डॅशबोर्डवर आरटीओनिहाय आणि कंपनीनिहाय नोंदणीचे आकडे कोणालाही पाहता येतात. आपला यवतमाळचा एमएच २९ किंवा वाशीमचा एमएच ३७ निवडून कोणत्या कंपनीच्या किती गाड्या वर्षभरात आल्या ते बघावे आणि मग वहीतल्या तक्रारी त्या प्रमाणात तोलाव्यात. तिथे मॉडेलनिहाय फोड मिळत नाही, तरी अंदाज येतो. या आकड्याचा दुसरा उपयोग अधिक महत्त्वाचा आहे: ज्या कंपनीच्या गाड्या जिल्ह्यात भरपूर, तिचे पार्ट दुकानदार ठेवतो आणि तिचे काम गावातल्या मेकॅनिकच्या हाताखालून गेलेले असते.

मालक कमी सापडत असतील तर आणखी एक वाट आहे. गाडीचे नाव वेगळे असले तरी इंजिन अनेकदा तेच असते. ब्रेझाचे दीड लिटर पेट्रोल इंजिन अर्टिगातही बसते, आणि अर्टिगा टॅक्सी म्हणून रात्रंदिवस धावते. अमरावती-नागपूर मार्गावरच्या चालकाने दोन लाख किलोमीटरवर त्या इंजिनाविषयी जे सांगितले ते घरगुती मालकाच्या वीस हजार किलोमीटरच्या अनुभवापेक्षा शंभरपट मोलाचे असते. व्हेन्यू आणि सोनेट यांचे दीड लिटर डिझेल इंजिन मोठ्या क्रेटा आणि सेल्टॉसमधलेच आहे, मॅग्नाइट आणि कायगर यांची इंजिने एकच, आणि टोयोटाची टायसर म्हणजे मुळात फ्रॉन्क्सच. त्यामुळे पुरावा गोळा करताना गाडीच्या नावापेक्षा इंजिन, गिअरबॉक्स आणि उत्पादनाचे वर्ष या तिघांची जोडी धरावी. "नेक्सॉन कशी आहे?" हा प्रश्नच अपुरा आहे, तिच्यात पेट्रोल, डिझेल, सीएनजी आणि वीज अशी चार निरनिराळी यंत्रे मिळतात.

गिअरबॉक्सविषयी थोडक्यात सांगतो. हाताचा गिअर गावातला कोणताही चांगला मेकॅनिक उतरवू शकतो आणि क्लच प्लेट तालुक्यातही मिळते. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांत चार जाती आहेत: एएमटी (गिअरबॉक्स हाताचाच, पण गिअर यंत्र बदलते), टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोहोचवणारा), सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा) आणि दोन क्लचवाला डीसीटी. यांतला कोरड्या क्लचचा डीसीटी सरकत्या गर्दीत तापतो, आणि कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरमागे दोन किलोमीटर रांगत जाणे किंवा बाजार समितीच्या फाटकाशी तासभर पुढे-मागे होणे ही आपल्याकडची सरकती गर्दीच आहे. मी स्वतः आजच्या घडीला खेड्यात हाताचा गिअर घेईन, आणि पाय दुखतात म्हणून आपोआपच हवा असेल तर टॉर्क कन्व्हर्टर निवडेन.

इंजिनाच्या बाबतीत वापर कसा आहे यावर बरेच अवलंबून असते, आणि इथेच आपली सर्वाधिक फसगत होते. "शेतकऱ्याला डिझेलच बरे" हे वाक्य २०२० पूर्वी खरे होते. १ एप्रिल २०२० ला गाड्यांच्या धुराविषयीचे बीएस ६ नियम लागू झाले, मारुतीने आपल्या मोटारींतून डिझेल इंजिन काढून टाकले, आणि ज्यांनी डिझेल ठेवले त्यांच्या गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आला. ही काजळी साचत गेली की गाडी ती जाळते, पण जाळायला फिल्टरमध्ये सुमारे ६०० अंशांची उष्णता लागते, आणि ती मिळण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने गाडी धावावी लागते. घरापासून वावर चार किलोमीटर, वावरापासून बसस्टँड तीन किलोमीटर, अशा फेऱ्यांत ती उष्णता कधी येतच नाही. फिल्टर तुंबतो, दिवा लागतो आणि शेवटी गाडी ताकद सोडते. ज्याला आठवड्यातून दोनदा नागपूरला किंवा समृद्धी महामार्गाने लांब जायचे आहे त्याला डिझेल आजही उत्तम आहे. ज्याची गाडी गावात आणि पांदणीतच फिरणार आहे त्याने पेट्रोल घ्यावे.

पेट्रोलमध्ये टर्बो की साधे, हा पुढचा प्रश्न. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारे आणि इंजिनात जादा हवा कोंबणारे एक लहान चाक. ते मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते आणि त्याचे वंगण इंजिन ऑइलवरच चालते. ऑइल वेळेवर आणि सांगितलेल्याच दर्जाचे टाकणाऱ्या माणसाला टर्बो गाडी त्रास देत नाही. पण हंगामात सर्व्हिस दोन महिने पुढे ढकलणे ही आपली सवय आहे, आणि ती साधे इंजिन जितके सहन करते तितके टर्बो करत नाही. जुनी गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावे: एप्रिल २०२३ पासून बनलेल्या पेट्रोल गाड्यांचे भाग २० टक्के इथेनॉल असलेल्या इंधनाला चालतील असे केले जातात, त्याआधीच्या गाडीसाठी कंपनीचे म्हणणे काय आहे ते मालकाच्या पुस्तिकेत वाचावे, कारण रबरी नळ्या आणि सीलचा प्रश्न तिथे येतो.

मग आपली हवा आणि आपली माती. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे सहज जातो. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते, रबरी बुश कडक होऊन चिरतात आणि एसीचा कस लागतो. म्हणून चाचणीसाठी गाडी सकाळी आठला घेऊ नये. मे महिन्यात दुपारी दोनला, पाच माणसे बसवून, एसी पूर्ण लावून, चढावर घ्यावी आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा किंवा दिवा पाहत राहावा. पावसाळ्यात काळी माती चाकाच्या कमानीत आणि खालच्या पत्र्यांत गच्च बसते, वाळून दगडासारखी होते आणि ब्रेकच्या नळ्या, सेन्सरच्या तारा ओढते. लोअर आर्म, लिंक रॉड, शॉकअप या चाकांना धरून ठेवणाऱ्या भागांची झीज सर्वेक्षणांत फारशी दिसत नाही, पण आमच्याकडे पहिला खर्च तिथूनच सुरू होतो. आणि उंदीर! घरात धान्य, दारात उबदार इंजिन. वायरिंग कुरतडलेली गाडी टोचन लावून नेताना मी निदान चार पाहिल्या आहेत. उंदराने कुरतडलेली तार वॉरंटीत बसत नाही. ज्या गाडीत वायरिंगचे तुकडे वेगवेगळे बदलता येतात ती बरी, आणि ज्या गाडीत पूर्ण हार्नेसच, म्हणजे तारांचा सारा जुडगाच, बदलावा लागतो ती महागात पडते. हे शोरूममध्ये कळत नाही, वर्कशॉपमध्ये कळते.

वर्कशॉपमध्ये जाण्याचा आग्रह मी यासाठीच धरतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला होता, कारण त्या मूळ पार्ट आणि तपासणीची यंत्रे बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नव्हत्या. पुढे तो वाद वरच्या न्यायाधिकरणात आणि न्यायालयांत गेला, पण त्यातून आपण घ्यायचा प्रश्न तोच आहे: या गाडीचा पार्ट मला काउंटरवर रोख देऊन विकत मिळेल का, आणि माझ्या गावच्या मेकॅनिकचा स्कॅनर हिचा दोष वाचू शकेल का? देशात सर्वांत मोठे सर्व्हिसचे जाळे मारुतीचे आहे, तेव्हा या कसोटीवर ती पुढे असणे साहजिक आहे. तरी जिल्ह्यागणिक चित्र बदलते, म्हणून स्वतः विचारावे. कंपनी टिकेल का हेही यातच येते. शेव्हरोलेची विक्री भारतात २०१७ अखेर बंद झाली, आणि या वर्गाची पहिली लोकप्रिय गाडी म्हणावी अशी इकोस्पोर्ट बनवणाऱ्या फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. इकोस्पोर्ट गाडी म्हणून दणकट होती. आज ती ठेवणाऱ्याला पार्टसाठी आधीपेक्षा जास्त फिरावे लागते.

वॉरंटीचे पान मात्र शांतपणे घरी वाचावे. अनेक कंपन्या ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर, जे आधी होईल ते, असे देतात. त्यात बॅटरी, टायर, क्लच प्लेट, ब्रेक पॅड यांना वेगळ्या अटी असतात, आणि बाहेरून हॉर्न, दिवे किंवा गाणी लावताना तार कापली की विजेच्या कामाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. पुरात गाडी घातल्यामुळे इंजिनात पाणी शिरले तर साध्या विम्यात इंजिनाचे नुकसान मिळत नाही, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. नाल्यापलीकडे घर असणाऱ्याने ते घ्यावेच.

पुतण्याने दोन गाड्या निश्चित केल्या आणि टोकन देण्यापूर्वी दोन्ही कंपन्यांच्या पार्ट काउंटरवर जाऊन सहा गोष्टींची किंमत आणि मिळायला लागणारे दिवस लिहून आणले: क्लचचा संच, पुढचा शॉकअप, समोरचा दिवा, एसीचा कंडेन्सर, रेडिएटर आणि इंजिनाचा एक सेन्सर. एका काउंटरवर सहांपैकी चार वस्तू मांडणीत होत्या. दुसऱ्या काउंटरवरचा माणूस दोनच दाखवू शकला आणि सेन्सरसाठी त्याने "आठ-दहा दिवस धरून चाला, भाऊ" असे सांगितले. ती दुसरी गाडी पुतण्याला दिसायला अधिक आवडते, वहीतल्या तिच्या मालकांच्या तक्रारीही थोड्या कमी आहेत. त्याने अजून टोकन दिलेले नाही. येत्या रविवारी तो दिग्रसच्या त्या मेकॅनिककडे जाणार आहे, ज्याने या दोन्ही गाड्यांची कामे केली आहेत.